डिस्क मोकळी, तरी सर्व्हर संथ: व्हॉल्यूमची मांडणी कशी तपासावी

रत्नागिरीतील ज्या पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो, तेथे आंब्याच्या हंगामात दिवसअखेरचे काम रेंगाळले की नव्या डिस्कची मागणी पुढे येते. ती मान्य करण्यापूर्वी काम नेमके कोठे अडते हे मोजावे, कारण पुष्कळदा डिस्कला सवड असते आणि वाचन-लेखनाच्या मागण्या व्हॉल्यूमच्या (म्हणजे सर्व्हरला एक सलग डिस्क म्हणून दिसणाऱ्या साठवणीच्या) दाराशीच खोळंबलेल्या असतात.

लिनक्सवर डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणारी ‘आयोस्टॅट’ ही आज्ञा विस्तारित पर्यायासह (iostat -x) गर्दीच्या वेळी चालवावी आणि प्रत्येक ब्लॉक डिव्हाइसच्या (लिनक्सला डिस्क म्हणून दिसणाऱ्या साधनाच्या) रांगेची सरासरी लांबी व वाचन-लेखनाचा प्रतीक्षाकाळ टिपून घ्यावा. वापर १०० टक्के दिसला म्हणून घाबरू नये. एसएसडी एकाच वेळी अनेक मागण्या हाताळते, त्यामुळे डिव्हाइस क्षणभरही रिकामे नव्हते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ होतो.

स्टोरेजकडून (अनेक डिस्क असलेल्या साठवण-यंत्रणेकडून) मिळालेला प्रत्येक लन (LUN, म्हणजे साठवणीचा एक वाटा) लिनक्सला स्वतंत्र ब्लॉक डिव्हाइस म्हणून दिसतो आणि त्याची रांग ठरावीक खोलीची असते, म्हणजे एका वेळी ठरावीक मागण्याच तीत मावतात. ही खोली ३२ असेल आणि प्रत्येक मागणीला १ मिलिसेकंद लागत असेल, तर मागे कितीही डिस्क असल्या तरी त्या लनमधून सेकंदाला ३२,००० पेक्षा अधिक मागण्या जाऊ शकत नाहीत. म्हणून एका मोठ्या लनऐवजी चार लहान लन घेऊन एलव्हीएम या लिनक्सच्या व्हॉल्यूम मांडण्याच्या सोयीने त्यांवर स्ट्राइप केलेला, म्हणजे डेटा चारही लनवर पट्ट्यापट्ट्यांनी वाटणारा व्हॉल्यूम बनवावा. येथे एक चूक फार होते: जुन्या रेषीय (जागा एकामागून एक भरणाऱ्या) व्हॉल्यूमला नुसता नवा लन जोडला, तर तो शेवटी जोडला जातो आणि जुना डेटा पहिल्याच लनवर राहतो. त्यामुळे नवा व्हॉल्यूम तयार करून त्यावर डेटा हलवणेच योग्य. मात्र चारही लन मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या त्याच मोजक्या फिरत्या डिस्कवर असतील, तर अर्ध्या फेरीलाच सरासरी ४.१७ मिलिसेकंद जातात आणि रांगा वाढवून काही साधत नाही.

डेटाबेसचा लॉग (बदलांची नोंद) वेगळ्या व्हॉल्यूमवर, शक्यतो रेड १० वर (अनेक डिस्कवर डेटा वाटून त्याची प्रतही ठेवणाऱ्या मांडणीवर) ठेवावा. रेड ५ मध्ये प्रतीऐवजी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढण्याचा हिशेब) ठेवतात, म्हणून एका लहान लेखनासाठी दोन वाचने आणि दोन लेखने करावी लागतात. डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलरची कॅश (लिहायचा डेटा तात्पुरता धरणारी स्मृती) हा भार झाकते, परंतु तिची बॅटरी क्षीण झाली की अनेक कंट्रोलर सुरक्षिततेसाठी थेट डिस्कवर लिहू लागतात आणि सर्व्हर एकाएकी मंदावतो. कोकणात पावसाळ्यात वीज वारंवार जाते, म्हणून मृगाच्या सरी येण्यापूर्वीच बॅटरीची स्थिती तपासून घ्यावी.