जुना टीव्ही आवाज करतोय? मागचं झाकण उघडण्याआधी या चुका टाळा

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही कुरकुरायला लागला की बहुतेकांचा हात थेट स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. पहिली चूक तीच. आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर दोष स्पीकरचा नाही, उगाच नवा स्पीकर आणू नका. टीव्ही लावताना एकदाच 'धुम्म' होतं ते डीगॉसिंग कॉइलचं (पडद्याचं चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचं), त्यात बिघाड नाही. बारीक शीळ १५,६२५ हर्ट्‌झची असते. ती मुलांना ऐकू येते, आजोबांना नाही, आणि पूर्वीपासून तशीच असेल तर सोडून द्या. पडद्यावर पांढरी अक्षरं आली की गुरगुरत असेल तर चॅनल पुन्हा ट्यून करा. केबलची पिन काढल्यावर घरघर थांबली तर दोष केबलच्या बाजूला शोधा. एवढ्यावर कितीतरी तक्रारी झाकण न उघडता मिटतात.

प्लग काढला म्हणजे करंट गेला, असं समजणं

ही चूक जिवावर बेतते, म्हणून सविस्तर सांगणं भाग आहे. २१ इंची रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडला, म्हणजे ट्यूबवरच्या रबरी टोपीखालच्या जोडाला, २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि टीव्ही बंद केल्यावरही तो साठा काचेत राहतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो, तो वेगळाच.

नेहमी घडणारा प्रकार असा. टीव्ही फक्त चटचट करत असतो. कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक किटच्या (आतल्या सर्किट बोर्डच्या) हीटसिंकला लावतो आणि अ‍ॅनोडच्या रबरी टोपीखाली पातं सारतो. ठिणगी उडते, आता मोकळं झालं असं वाटतं. पण तो साठा सर्किटमधून गेलेला असतो आणि चांगला आयसी मरतो. पुढे ट्यूब तासभर तशीच पडते, काचेत मुरलेला चार्ज पुन्हा वर येतो. टोपीला हात लागताच झटका बसतो, हात मागे उसळतो आणि कोपर ट्यूबच्या मानेवर आपटतं. मानेची काच पातळ, आत निर्वात पोकळी. फुस्स झालं की ट्यूब कायमची गेली. आवाजाची तक्रार राहिली बाजूला, टीव्हीच भंगारात.

डिस्चार्ज करताना, म्हणजे हा साठा मोकळा करताना, स्क्रू-ड्रायव्हरला बांधलेल्या वायरचं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या काळ्या लेपावर ताणलेल्या उघड्या विणलेल्या अर्थ-वायरलाच लावा, दुसरीकडे कुठेही नाही. लांब प्लास्टिक मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या, एक हात पाठीमागे ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा डिस्चार्ज करा आणि टोपी काढताना तिसऱ्यांदा. मोठ्या कंडेन्सरसाठी १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून वीस सेकंद धरा, मग मीटरने खात्री करा. त्यावर थेट स्क्रू-ड्रायव्हर टेकवण्याची घाई नको. हे काम याआधी कधी केलेलं नसेल तर जाणकाराला शेजारी बसवल्याशिवाय झाकण उघडू नका. यात सवलत नाही.

चटचट ऐकून थेट ईएचटी (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) बदलणं

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, टोपीभोवती धूळ आणि ओल बसते आणि काचेवरून ठिणग्या सरकतात. रात्री दिवे मालवा, झाकण बंदच ठेवून मागच्या झरोक्यांतून पाहा. टोपीभोवती निळसर रेघ दिसली तर ईएचटी बहुधा चांगला आहे. डिस्चार्ज करून टोपी काढा. टोपीच्या आतली बाजू आणि भोवतीची चकचकीत काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काळा लेप खरवडू नका. अर्धा तास वाळू द्या, कारण वाफ राहिली तर तीच पेट घेते. टोपीच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या आणि क्लिपचे दोन्ही आकडे अडकलेत ना, ते पाहा.

ठिणगी ईएचटीच्या अंगावरच्या चिरेतून येत असेल तर मात्र तो बदलाच. वर गोंद थापून काही दिवस ढकलायचे, हा आग लावणारा उद्योग आहे.

टीव्हीला हलकी थाप मारल्यावर आवाज बदलतो? ईएचटीच्या पिनांपाशी ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला जोड, शोधा. पिनेभोवती केसासारखं काळं वर्तुळ दिसतं. जुनं सोल्डर ओढून काढा, नवं भरा. वरून नुसता थेंब टाकला तर तडा खालीच राहतो.

व्हॉल्यूम कितीही असो, घरघर तेवढीच? फिल्टरचा कंडेन्सर सुकला असणार. तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा घ्या. उलटा बसवला तर फुटतो.

सिरीज बल्ब (टीव्हीच्या मेन्स वायरीत मध्ये जोडलेला बल्ब) लावला म्हणजे आपण सुरक्षित, हा समजही काढून टाका. बल्ब टीव्हीला वाचवतो, माणसाला नाही. किटची प्रायमरी बाजू, म्हणजे वीज आत येते ती बाजू, थेट मेन्सवर असते. चालू टीव्हीवर मोजमाप करायचं तर टीव्हीला मेन्सपासून वेगळा करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच हवा.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार नको. आत तेलाचा स्प्रे तर मुळीच नको.