वेबसाइटचं डिझाइन हाती घेताय? आधी खरा मजकूर मागा

साधनं नेहमीचीच: लॅपटॉप, कोड एडिटर, दोन-तीन ब्राउझर, डिझाइन आखायला फिग्मा किंवा तुम्ही जे काही वापरत असाल ते. त्यावर बोलण्यासारखं काही नाही. गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) येत नसेल तर काम सुरू व्हायच्या आधी शिका, काम अर्धं झाल्यावर नको. एक जुना, रडतखडत चालणारा अँड्रॉइड फोन हाताशी ठेवा. तुमच्या नव्या फोनवर काहीही पळतं, त्यावरून काही कळत नाही.

आता मुद्दा. खरा मजकूर. पहिली चौकट आखायच्या आधी तो मागून घ्या. क्लायंट म्हणेल, "आधी डिझाइन तर दाखवा, मजकूर मागाहून देतो." नाही म्हणा. गोड बोलून म्हणा, पण नाहीच म्हणा. मागच्या कामात मी मान डोलावली. लोरेम इप्समवर, म्हणजे जागा भरायला टाकतात त्या निरर्थक मजकुरावर, सगळी पानं रचली, मंजुरीही मिळाली. मग मजकूर आला. दोन शब्दांच्या शीर्षकासाठी केलेल्या जागेत दोन ओळींचं शीर्षक, तीन कार्डांच्या रांगेत आता पाच कार्डं, त्यातल्या एकाला फोटोच नाही, आणि मेन्यूमधली नावं इतकी लांब की शेवटची दोन खालच्या ओळीत. त्यानंतर जे केलं त्याला डिझाइन म्हणत नाहीत, डागडुजी म्हणतात.

लोरेम इप्सम हा सिसरोच्या लॅटिन लेखनातला मोडतोड केलेला तुकडा. तो वाचायचा नसतो हे ठीक आहे, पण त्याचा खरा दोष वेगळा आहे: तो जागेच्या मापाने कापून घेता येतो. तुम्ही चौकट काढता आणि तेवढाच मजकूर ओतता. मग ती चौकट कधीच चुकीची दिसत नाही.

मजकूर मागायचा म्हणजे "मजकूर पाठवा" असा एका ओळीचा ईमेल करायचा नाही. नेमकं मागा. सगळ्यात लांब शीर्षक कोणतं, सगळ्यात छोटं कोणतं. फोटो नसलेली नोंद. शोधून काहीच सापडलं नाही तर काय लिहायचं. बटणांवरचे शब्द. फॉर्म चुकला तर दाखवायचा संदेश. पाच-सात स्तंभांचा एखादा तक्ता असतो, तो कुणी आधी सांगत नाही; मुद्दाम विचारा. अजिबात तयार नसेल तर जुन्या साइटवरून, छापील माहितीपत्रकातून, त्यांच्या ईमेलमधून उचला, नाहीतर स्वतः कच्चा लिहा. वाईट पण खरा मजकूर चालतो. आणि मराठी मजकूर आला की तो लगेच ब्राउझरमध्ये चिकटवून बघा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसेल. तो रूपांतरित करणं, वर पुन्हा तपासणं, हे एका दुपारचं काम नाही. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

मजकूर हातात आला की तो आधी नुसत्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा सांगाडा सांगणाऱ्या भाषेत, मांडा. सीएसएस, म्हणजे पानाला रूप देणारा भाग, शून्य. शीर्षकांचे स्तर, याद्या, तक्ते, दुवे. या अवस्थेत पान वरून खाली वाचून अर्थ लागला पाहिजे. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याला पान जवळपास असंच मिळतं, आणि इथे क्रम चुकला असेल तर पुढे सीएसएसने तो फक्त झाकला जातो.

मग लेआउट. रिस्पॉन्सिव्ह डिझाइन (पडद्याच्या मापाप्रमाणे बदलणारं पान) ही कल्पना ईथन मार्कॉटने २०१० मध्ये मांडली तेव्हा तिचे तीन आधार होते: प्रवाही ग्रिड (स्तंभांची जाळी), लवचीक चित्रं, मीडिया क्वेरी (पडद्याच्या मापानुसार रूप बदलणारे नियम). त्यातलं पहिलं काम आज सीएसएस ग्रिड एका ओळीत करतं. २०१७ पासून ते सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे, तरी लोक अजून बारा स्तंभांची फ्रेमवर्क ओढून आणतात. रिपीट, ऑटो-फिट आणि मिनमॅक्स ही तिकडी शिका: कार्ड किमान इतकं रुंद हवं एवढं सांगितलं की किती स्तंभ बसतात ते ब्राउझर बघतो. कार्डं तीनची पाच झाली तरी तुमचं काही अडत नाही. (मला हे तेव्हा माहीत होतं. वापरलं नाही, कारण नमुन्यात तीनच कार्डं होती.)

फ्लेक्सबॉक्समध्ये (घटक एका रांगेत मांडायच्या सीएसएसच्या पद्धतीत) एक खोडी आहे, ती लिहूनच ठेवा. आतल्या घटकाची किमान रुंदी आपोआप त्याच्या आतल्या मजकुराइतकी धरली जाते. म्हणजे एखादा न तुटणारा लांब शब्द किंवा ईमेलचा पत्ता आला की घटक आकसत नाही आणि सगळं पान आडवं सरकायला लागतं. किमान रुंदी शून्य द्या आणि ओव्हरफ्लो-रॅप लावा. लोरेम इप्सममध्ये हे कधीच दिसणार नाही, तिथे सगळे शब्द आखूड असतात. खरा मजकूर टाका.

मजकूर असलेल्या कुठल्याही डब्याला ठरावीक उंची देऊ नका. किमान उंची द्या. ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला मांडणी बदलते ती) फोनच्या मॉडेलवरून ठरवू नका. खिडकी हळूहळू अरुंद करत जा आणि मजकूर जिथे अवघडतो तिथे ब्रेकपॉइंट टाका. ३२० पिक्सेलपर्यंत खाली या, आडवं स्क्रोल होता कामा नये. कंटेनर क्वेरी (पडद्याऐवजी भोवतालच्या डब्याच्या मापावर चालणारे नियम) २०२३ पासून सगळीकडे चालतात. एकच कार्ड मुख्य भागात आणि बाजूच्या पट्टीत वापरायचं असेल तर त्याच घ्या. ग्रिड आणि फ्लेक्स हाताला बसायला फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी आणि ग्रिड गार्डन हे दोन खेळ आहेत. पोरखेळ वाटतात, पण संध्याकाळभर खेळा. मग फायरफॉक्सचा ग्रिड इन्स्पेक्टर उघडून दुसऱ्यांची पानं चिरा.

अक्षरं. आकार रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षराच्या मापावर चालणारं एकक). क्लॅम्प (किमान आणि कमाल मर्यादा घालणारं सीएसएसचं फंक्शन) वापरून शीर्षक पडद्यासोबत मोठं होऊ द्या, पण निव्वळ व्ह्यूपोर्टच्या, म्हणजे ब्राउझरच्या खिडकीच्या, एककात आकार देऊ नका. माणूस झूम करतो आणि अक्षर जागचं हलत नाही. देवनागरी असेल तर इंग्रजीसाठी जमवलेली मापं तशीच लावू नका. वर वेलांट्या, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांच्या शेपट्या, त्यामुळे ओळींमधलं अंतर जास्त लागतं. बटणातही वर-खाली जागा हवी, नाहीतर 'र्की'चं डोकं कापलं जातं. लेटर-स्पेसिंग देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी शीर्षकांसाठी लिहिलेला नियम मराठी शीर्षकांवरही लागून जातो, ते तपासा. लँग या गुणधर्मात मराठीचा कोड द्या. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' त्याशिवाय येत नाहीत, हिंदी वळणाचे येतात. स्क्रीन रीडरलाही कोणत्या भाषेत वाचायचं ते त्यावरूनच कळतं. फॉन्ट डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या फाइल-प्रकारात, लागतील तेवढीच वजनं, आणि फॉन्ट-डिस्प्लेला स्वॅप (फॉन्ट येईपर्यंत मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतो). जाडी मात्र खरी मागवा. ब्राउझरने ओढूनताणून जाड केलेलं जोडाक्षर म्हणजे शाईचा डाग.

रंग: साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, मोठ्या अक्षरांना ३:१. वेबएम (WebAIM) या संस्थेचा तपासक उघडा, आकडे टाका, विषय संपला. फिकट राखाडीवर वाद घालत बसू नका. फोकसची चौकट (कीबोर्डने फिरताना तुम्ही कुठे आहात ते दाखवणारी) काढून टाकणारी ओळ कुठून तरी कॉपी होऊन येते. ती शोधा आणि उडवा. हवं तर फोकस-व्हिजिबल वापरून चौकट देखणी करा, पण ती दिसली पाहिजे. माऊस बाजूला ठेवून टॅबने सगळं पान फिरून या. टचची लक्ष्यं किमान २४ बाय २४ पिक्सेल हवीत असं डब्ल्यूसीएजी २.२ (ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचं, मानक) म्हणतं, २०२३ पासून. तो किमान आकडा आहे, अंगठ्यासाठी त्याहून मोठी ठेवा.

चित्रं हाही मजकूरच. म्हणजे खरी चित्रं मागा! साठ्यातल्या सुंदर आडव्या फोटोंवर पान रचलंत तर क्लायंटकडून उभे, अंधारे, फोनवर काढलेले फोटो येतील, त्यांचे सगळ्यांचे आकार वेगळे, आणि ऑब्जेक्ट-फिट कव्हर (चौकट भरायला फोटो कापणारा नियम) दिलं की अर्ध्या माणसांची डोकी उडतील. ऑब्जेक्ट-पोझिशन (फोटोचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारा नियम) माहीत करून घ्या. फोटो नसलेल्या नोंदीसाठी काय दिसेल ते आत्ता ठरवा, साइट सुरू व्हायच्या आदल्या रात्री नाही. प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची एचटीएमएलमध्ये लिहा, ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि मजकूर उड्या मारत नाही. वेबपी किंवा एव्हिफ या हलक्या फाइल-प्रकारांत, एसआरसीसेटने (ब्राउझरला योग्य आकार निवडू देणारा गुणधर्म) तीन-चार आकार. चित्रं दाबून हलकी करायला स्क्वूश हे साधन पुरतं, ब्राउझरमध्येच चालतं. लेझी लोडिंग (लागेल तेव्हाच चित्र उतरवणं) खालच्या चित्रांना. वरच्या मुख्य चित्राला लावलंत तर पान उलट हळू होतं, आणि बरेच लोक नेमकं तेच करतात. ऑल्ट मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन) कोण लिहिणार ते विचारा. कुणीच नाही असं उत्तर आलं तर तुम्ही लिहिणार आहात.

फॉर्म. प्रत्येक खान्याला लेबल. प्लेसहोल्डर (खान्यातला फिकट नमुना मजकूर) म्हणजे लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की तो गायब होतो. ऑटोकम्प्लीट लावा, फोन नंबरच्या खान्याला टेल हा प्रकार द्या. खान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवर पान आपसूक झूम होतं आणि लोक तुम्हाला शिव्या देतात. चूक दाखवणारे संदेश खऱ्या वाक्यांत लिहून बघा. "त्रुटी" या एका शब्दाला पुरणारी जागा पूर्ण वाक्याला पुरत नाही. होय, परत तेच: खरा मजकूर.

शिकायचं कुठून? एमडीएन, मोझिलाचा वेबसंदर्भ. रोजचा संदर्भ तोच, आणि त्यातला शिकण्याचा विभाग मुळापासून नीट रचलेला आहे. गूगलच्या वेब डॉट डेव्हवर लर्न सीएसएस आणि लर्न ॲक्सेसिबिलिटी हे अभ्यासक्रम फुकट आहेत. एखादं वैशिष्ट्य कुठे चालतं ते कॅन आय यूजवर बघा. डब्ल्यू३स्कूल्स पटकन उदाहरण बघायला ठीक, पण तिचा डब्ल्यू३सी या मानक ठरवणाऱ्या संस्थेशी संबंध नाही. नाव बघून फसू नका. डब्ल्यू३सीचे ॲक्सेसिबिलिटीचे धडे वेगळे आहेत, मेन्यू, फॉर्म आणि तक्ते यांसाठी तेच वाचा. पायरीपायरीने हात धरून नेणारं हवं असेल तर फ्रीकोडकॅम्प. स्वतः धडपडायची तयारी असेल तर ओडिन प्रोजेक्ट. दोन्ही एकदम नको, एकही पुरा होत नाही.

लेख वाचायला ए लिस्ट अपार्ट, स्मॅशिंग मॅगझिन, सीएसएस-ट्रिक्स. फक्त आधी तारीख बघा. फ्लोट आणि क्लिअरफिक्सने स्तंभ पाडायला शिकवणारे जुने लेख अजून शोधात वर येतात, आणि नवशिक्या इमानेइतबारे तेच शिकतो. सीएसएस झेन गार्डन २००३ चं आहे, तरी बघाच: एचटीएमएल तेच, सीएसएस बदललं की पान ओळखू येत नाही. त्यावर स्वतःची एक फाइल लिहा. दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा जास्त कळेल, शिवाय तिथे मजकूर आधीपासून ठरलेला असतो आणि तुम्हाला तो बदलता येत नाही. मला नेमकी हीच सवय नव्हती.

वेग: लाइटहाउस (क्रोममधलं पान तपासून गुण देणारं साधन) चालवा, पण त्या शंभर गुणांच्या मागे लागू नका. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, क्लिकला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, पान हलण्याचं माप ०.१ च्या आत राहावं. जुना फोन काढा, मोबाइल डेटावर उघडा. बहुतेक वेळा दोषी एखादं मोठं चित्र किंवा कुणीतरी टाकायला लावलेली बाहेरची स्क्रिप्ट असते.

चार-पाच माणसांना बसवा, काम सांगा, गप्प राहा. मदत करू नका. समोर खरा मजकूर असेल तरच. लॅटिन बघून कुणी काही शोधू शकत नाही.

उरलेलं भराभर. साइट बांधताना शोधयंत्रांना रोखणारा नोइंडेक्स काढलात का? जुन्या पत्त्यांवरून नव्यांवर ३०१ (कायमचं वळण). ४०४ चं पान (पत्ता सापडला नाही तर दिसणारं). प्रत्येक पानाला वेगळं टायटल. फेव्हिकॉन (टॅबवरचं छोटं चिन्ह). एचटीटीपीएस. फॉर्म भरून बघा, ईमेल खरंच पोचतो का आणि स्पॅममध्ये जातो का. सीएमएसमध्ये (क्लायंट जिथून मजकूर बदलतो त्या प्रणालीत) क्लायंटच्या लॉगिनने शिरा, सगळ्यात लांब शीर्षक टाका, फोटो काढून टाका, पान बघा. बॅकअप घ्या आणि तो परत चढवूनही बघा. शुक्रवारी संध्याकाळी लाइव्ह करू नका. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते विचारा, नूतनीकरणाची तारीख लिहून द्या, आणि पासवर्ड ईमेलने पाठवू नका.