नव्या मीम कॉइनला गुण देण्याआधीची तयारी

नवं मीम कॉइन, म्हणजे इंटरनेटवरच्या गमतीच्या चित्रावरून काढलेलं क्रिप्टो नाणं, आलं की पहिल्या दहा मिनिटांत हात शिवशिवतात. म्हणून तयारी आदल्या रात्री, डोकं शांत असताना करून ठेवायची. वेगळं वॉलेट (क्रिप्टो ठेवायचं खातं) उघडा, बुडाले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढेच पैसे त्यात टाका. सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट परत उघडून देणारे गुप्त शब्द, कागदावर लिहून कपाटात ठेवा, फोनमध्ये फोटो काढून नाही. आणि एक वही घ्या, प्रत्येक कॉइनला एक पान.

पानाच्या वर काँट्रॅक्टचा पत्ता, म्हणजे त्या कॉइनची ब्लॉकचेनवरची स्वतःची ओळख, लिहायचा. नावाने शोधू नका. एकाच नावाची डझनभर नकली कॉइन त्याच दिवशी निघतात. सोलाना या ब्लॉकचेनवरचं कॉइन असेल तर तो पत्ता तिथले व्यवहार दाखवणाऱ्या सोलस्कॅन या साइटवर टाकून दोन गोष्टी पाहायच्या: नवे टोकन छापायचा अधिकार आणि तुमचे टोकन गोठवायचा अधिकार. यातला एकही शिल्लक असेल तर शून्य गुण, पान उलटा.

मग धारकांची यादी. आपल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याची पेटी घेणारा वरची फळं पाहून भाव करत नाही, हात घालून खालचा थर चाचपतो. इथेही तसंच. पूल, म्हणजे ज्या साठ्यातून कॉइनची खरेदी-विक्री होते, त्याचा पत्ता वगळून पहिल्या दहा वॉलेटकडे किती टक्के आहेत ते लिहा. मग त्या दहांना पहिले पैसे कुठून आले ते एकेक उघडून पाहा. पाच जणांना एकाच वॉलेटमधून आले असतील तर ते पाच जण नाहीत, एकच माणूस आहे.

सगळ्यात जास्त वेळ पूलला द्या, कारण मी इथेच मार खाल्ला. मागच्या उन्हाळ्यात स्क्रीनवर माझे 18,000 तिप्पट दिसत होते. विकायला गेलो तर जेमतेम 4,000 हाती आले. नंतर कागदावर हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. समजा पूलमध्ये एका बाजूला कॉइनचे टोकन, दुसऱ्या बाजूला 4 लाख रुपयांची सोलाना नाणी आहेत आणि चालू भावाने 4 लाखांचे टोकन तुम्ही एकदम विकलेत, तर मिळतात फक्त 2 लाख, कारण तुमच्याच विक्रीने भाव घसरत जातो. त्यामुळे मार्केट कॅपच्या (भाव गुणिले एकूण टोकन) शेजारी पूलची रक्कम लिहाच. पूलची टोकन, म्हणजे पूलमधले पैसे काढायचा हक्क देणाऱ्या पावत्या, जाळली (कायमची नष्ट केली) आहेत की लॉक केली आहेत, तेही लिहा. दोन्ही नसेल तर बनवणारा केव्हाही पैसे काढून नेऊ शकतो.

शंभर-दोनशे रुपयांचं घेऊन लगेच विकून बघा. 2021 मध्ये स्क्विड गेमच्या नावाचं टोकन दोन हजार डॉलरच्या वर गेलं होतं, पण लोकांना ते विकताच येत नव्हतं. नंतर भाव मातीमोल झाला.

एवढं सगळं जमलं तरच मीमला गुण. डोजकॉइन 2013 पासून टिकलं, कारण त्या कुत्र्याचं चित्र लोक पैशांशिवायही एकमेकांना पाठवत होते. या कॉइनचं चित्र कोणी फुकटात पाठवतं आहे का, एवढंच पाहा.

कराचा हिशेब आधीच मांडा: नफ्यावर 30 टक्के, त्या करावर 4 टक्के सेस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि रुपयांतला भाव त्याच पानावर उतरवा.

पानाच्या तळाशी दोन आकडे हवेत, किती भावाला मुद्दल काढणार आणि किती भावाला तोटा सोसून निघणार. ते लिहून झाल्यावरच खरेदीचं बटण दाबा.