गोचीड मोजायची तर आधी तिची तहान ओळखा

बेळगाव-खानापूरकडची प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलं-मुली मला वरचेवर विचारतात, "ताई, वाघ-बिबट्यांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी सांगते, गोचिडीपासून. काहींचा चेहरा उतरतो. पण खानापूरच्या जंगलपट्ट्यात काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलंय. रानातल्या जिवाच्या शरीराला त्या घडीला काय हवंय हे ठाऊक नसेल, तर त्याच्या मोजणीचा आकडा आपल्याला काहीच सांगत नाही. हे शिकायला गोचिडीइतका चांगला प्राणी मला दुसरा दिसत नाही.

शिवाय आपल्या भागात हा विषय पुस्तकात राहिलेला नाही. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, गावकरी तापानं फणफणले, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधला. तोच हा माकडताप. कित्येक दशकं तो मलनाडातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या घाटपट्ट्यातल्या, जिल्ह्यांपुरता राहिला. मग 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाली गावी रुग्ण सापडले, आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. नकाशा समोर घ्या. चोर्ला घाट उतरलं की सत्तरी, त्याच्या शेजारी दोडामार्ग, आणि घाटाच्या वरच्या अंगाला कणकुंबी, जांबोटी, म्हणजे आपला खानापूर तालुका. काजूच्या हंगामात आपली माणसं घाट उतरून बागांमध्ये कामाला जातात. काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकमेकांवर येतात, हे ध्यानात घेतलं की या अभ्यासाची निकड कळते.

निकड कळली तरी गोचीड कळायला वेळ लागतो. माकडतापाची मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिला आयुष्यात तीन यजमान लागतात, म्हणजे रक्त पिण्यासाठी तीन वेगवेगळे प्राणी. अंड्यातून निघते ती सहा पायांची अळी. ती उंदीर, घूस, पक्षी, मिळेल त्या लहान जिवावर रक्त पिते, गळून पडते आणि कात टाकून आठ पायांची निंफ होते. निंफ पुन्हा कुणावर तरी चढते, माकडावर किंवा माणसावरसुद्धा. प्रौढ मादी मोठं जनावर पकडते, बहुधा गाय, म्हैस किंवा गवा. पावसाळ्यात प्रौढ, पाऊस ओसरला की अळ्या, आणि साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत निंफ, असं तिचं वर्ष चालतं. माणसाला धोका मुख्यतः निंफचा. ती खसखशीच्या दाण्याएवढी, चावली तरी बऱ्याचदा कळत नाही.

आता तहानेकडे येते. तीन यजमानांची गोचीड आयुष्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक काळ कुणाच्याही अंगावर नसते. गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या टोकाला पुढचे पाय पसरून ती वाट बघत बसते. त्या पुढच्या पायांच्या टोकांशी हॅलरचं इंद्रिय असतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, वास, हवेतली आर्द्रता हे सगळं तिला त्यातून कळतं. पण वर बसून राहिलं की अंगातलं पाणी उडतं. ते फार उडालं की तिला खाली पालापाचोळ्यात उतरावं लागतं. तिथल्या दमट हवेत ती तोंडाच्या अवयवांवर खारट लाळ सोडते, त्या क्षारांनी हवेतली वाफ ओढून घेतली की ती लाळ परत गिळते. डोळ्यांना पाण्याचा थेंब दिसत नसतानाही ती पाणी प्यायलेली असते. पुष्कळ जातींमध्ये हे जमायला हवेची सापेक्ष आर्द्रता 80 ते 90 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर लागते. त्याखाली ती फक्त सुकत जाते.

याचा मोजणीशी संबंध थेट आहे. गोचिडी गोळा करायची आपली पद्धत म्हणजे पांढऱ्या फलालीनचं साधारण मीटरभर फडकं काठीला बांधायचं, जमिनीलगत ओढत न्यायचं, आणि दर थोड्या अंतरावर उलटून बघायचं. त्या फडक्यावर येतात त्या फक्त त्या घडीला वर चढून बसलेल्या गोचिडी. पाचोळ्यात पाणी पीत बसलेल्या येत नाहीत. एकाच वाटेवर सकाळी पुष्कळ मिळाल्या आणि उन्हं चढल्यावर जवळजवळ काहीच नाही, तर गोचिडी कमी झालेल्या नसतात. दव पडलेलं असेल तर उलटी अडचण होते, ओलं फडकं त्यांना नीट पकडत नाही. म्हणून तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, पाचोळ्याची जाडी, वर झाडाची सावली किती, हे वहीत नसेल तर नुसती संख्या मी विद्यार्थ्यांना तक्त्यात भरूच देत नाही.

प्रयोगशाळेतला भागही याच प्रश्नाचा आहे. बंद डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद काचेच्या भांड्यात, तळाशी क्षाराचं संपृक्त द्रावण ठेवलं की वरची हवा ठरावीक आर्द्रतेवर स्थिर राहते. साध्या मिठानं सुमारे 75 टक्के, पोटॅशियम क्लोराइडनं सुमारे 85, पोटॅशियम सल्फेटनं सुमारे 97. त्यांत गोचिडी ठेवून ठरावीक वेळानं वजन करत जायचं. कुठल्या हवेत वजन घटतं आणि कुठल्या हवेत सावरतं, हे बघायचं. उपाशी निंफचं वजन एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, त्यामुळे सूक्ष्म तराजू लागतो आणि हात स्थिर लागतो. काम कंटाळवाणं वाटेल, पण जिल्ह्यात कुठं कोणती गोचीड टिकेल याचं उत्तर इथूनच निघतं. कणकुंबीला पावसाळा भिंतीसारखा उभा असतो आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीकडे रान कोरडं. तिकडे गुरांवर हायलोमा ही दुसरी गोचीड दिसते, जी कोरड्या हवेला चांगली तोंड देते आणि नुसती वाट बघत न बसता सावजामागे चक्क धावते. एका जिल्ह्यात एवढा फरक हाताशी असणं हे संशोधकाचं भाग्य आहे.

लाळेचं एक काम अजून सांगायचं राहिलं, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रक्त पिताना मादीचं वजन शंभरपट किंवा त्याहूनही वाढतं. एवढ्या रक्तातलं जादा पाणी ती ठेवून घेत नाही. लाळेवाटे ते यजमानाच्याच अंगात परत सोडते. विषाणू जातो तो याच लाळेतून. तहान भागवणारी, तोंड कातडीत चिकटवून ठेवणारी, जादा पाणी बाहेर टाकणारी आणि रोग देणारी ग्रंथी एकच. म्हणून शरीरक्रिया शिकणारा आणि रोगाची साथ समजून घेणारा, ही दोन वेगळी माणसं असू नयेत असं मला मनापासून वाटतं.

वाघाच्या मोजणीतही प्रश्न तोच असतो, दिसलेले किती आणि असलेले किती. आपल्याकडे 2006 पासून दर चार वर्षांनी राष्ट्रीय व्याघ्रगणना होते. कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांत प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे ओळखू येतात. तोच वाघ पुन्हा किती वेळा सापडला यावरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधतात. हे तंत्र भारतात 1990 च्या दशकात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात रुजवलं. गवे, सांबर, चितळ मोजायचे तर आखलेल्या सरळ वाटेवरून चालायचं आणि जनावर वाटेपासून किती अंतरावर दिसलं ते लिहायचं. जसं अंतर वाढतं तसं दिसणं कमी होतं, त्या घटीवरून घनता काढतात. आपल्या खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. ते काळी व्याघ्र प्रकल्प आणि गोव्यातलं म्हादई अभयारण्य यांच्यामधला दुवा आहे, त्यामुळे इथल्या नोंदींना मोल आहे.

माझा आग्रह मात्र वानरांच्या आणि माकडांच्या मोजणीचा. मेलेलं माकड ही माकडतापाची पहिली सूचना असते. पण त्या रानात टोळ्या किती, एका टोळीत माथी किती, पिल्लं किती, हे आधी ठाऊक नसेल तर दोन मेली म्हणजे थोडी की फार, हे कसं ठरवणार? वाघाच्या कामाला मुलं रांग लावतात, टोळ्यांच्या नियमित नोंदी ठेवायला कुणी येत नाही. इथं जागा मोकळी आहे.

परवानगीबद्दल थोडक्यात. अभयारण्यात संशोधनासाठी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 28 व्या कलमाखाली परवाना लागतो, आणि त्याला महिने जाऊ शकतात. अर्ज प्रबंधाच्या आराखड्याबरोबरच करा. आणि कन्नड शिका. नुसती बोलण्यापुरती नाही, वाचण्यापुरतीसुद्धा. वनरक्षकांच्या नोंदवह्या, आरोग्य खात्याची पत्रकं, रेंज ऑफिसचा कागद, सगळं कन्नडमध्ये असतं. मराठी घरात वाढलेल्या मुलांना हे जड वाटतं, पण कन्नड वाचता आलं की या भागात तुमच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. गवळी-धनगरांच्या वाड्यावर मराठीत बोलायचं आणि चौकीवर कन्नडमध्ये, एवढं बाहेरून आलेल्या संशोधकाला जमत नाही.

वाड्यावरच्या माणसांना विचारायला लाजू नका. फडकं ओढताना एका म्हाताऱ्या मामांनी मला विचारलं होतं, "काय हुडकायलाय ताई? गोचडी? मग पावसात या आणि गुरांच्या कानांत बघा की." प्रौढ गोचिडींचा हंगाम आणि जागा, दोन्ही त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

जिवाची काळजी आधी. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, अंगाला गोचीड-प्रतिबंधक तेल. परत आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागं, केसांत तपासायचं. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. चिरडायची नाही, चटका द्यायचा नाही, वर रॉकेल ओतायचं नाही. रानातून आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना "मी जंगलात गोचिडींचं काम करते" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. जिवंत विषाणूचं काम उच्च जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेतच होतं. तुमचं काम नमुना ओळखणं, नीट नोंदवणं आणि थंड साखळीत, म्हणजे वाटेत सतत थंड ठेवून, पोचवणं. नुसत्या ओळखीसाठी 70 टक्के अल्कोहोल पुरतं, विषाणू तपासायचा असेल तर नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ दोन्ही जवळ आहेत. वन्यजीवांचं खास एम.एस्सी. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) या संस्थेत होतं. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन विद्यावृत्ती, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये विद्यावृत्ती आहे. घरच्यांना समजवायला तो आकडा उपयोगी पडतो. एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र आणि 'आर' ही संगणकभाषा हातात घ्या.

आणि मार्गदर्शकाला पत्र लिहाल तेव्हा "मला वन्यजीवांची आवड आहे" असं लिहू नका. आवड सगळ्यांनाच असते. प्रश्न लिहा. समजा असा, की जांबोटीच्या एका पायवाटेवर डिसेंबर ते मे दर पंधरवड्याला, सकाळी आणि दुपारी फडकं ओढलं, सोबत पाचोळ्यातली आर्द्रता मोजली, तर फडक्यावर येणाऱ्या निंफचा आकडा आर्द्रतेबरोबर किती हलतो, आणि ज्या वाटेवरून गुरं जातात तिथं तो वेगळा असतो का?