कुलमुखत्यारपत्र रद्द करताय? या चुका टाळा

"मी पॉवर त्याच्यासमोरच फाडून टाकली," असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. पॉवर म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, अर्थात कुलमुखत्यारपत्र: आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला, म्हणजे मुखत्याराला, देणारा कागद. फाडली ती एक प्रत. पत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातली नोंद तशीच राहते, नक्कल पुन्हा निघते, आणि मुखत्याराच्या फायलीत दोन-चार झेरॉक्स असतातच. मूळ कागद परत मागाच, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

काही जण सगळं रीतसर करतात. वकिलाकडून रद्दलेख (पॉवर रद्द केल्याचा कागद) लिहून घेतात, नोटरीचा शिक्का घेतात आणि कागद कपाटात ठेवतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 208 बघा: मुखत्यारापुरता अधिकार संपतो तो त्याला कळल्यावर, आणि तिऱ्हाइतापुरता संपतो तो त्या तिऱ्हाइताला कळल्यावर. कलमाखाली उदाहरणही दिलंय. ‘अ’ने ‘ब’ला पाच टक्के कमिशनवर माल विकायला सांगितलं, नंतर पत्र पाठवून अधिकार काढून घेतला. पत्र वाटेत असतानाच ‘ब’ने 100 रुपयांना माल विकला. विक्री ‘अ’वर बंधनकारक, वर ‘ब’ला कमिशनचे 5 रुपयेही द्यायचे! मालाच्या जागी तुमचा फ्लॅट ठेवून बघा.

म्हणून नोटीस हवी, आणि ती मोघम नको. "यापुढे माझ्या व्यवहारात लक्ष घालू नये" हे वाक्य भांडणात चालतं, कागदावर नाही. असं लिहा: "दिनांक अमुक रोजी दस्त क्रमांक तमुक अन्वये आपणास दिलेले सर्व अधिकार मी आजपासून काढून घेत आहे. मूळ पत्र व ताब्यातील कागद सात दिवसांत परत करावेत." टपालाने पोचपावतीसह पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका, पण फक्त जोडीला. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद ठेवा. पत्ता बरोबर असेल तर पुढे कोर्टात तो शेरा तुमच्याच कामाला येतो.

मग बाकीचे. ज्या बँकेत, सोसायटीत किंवा भाडेकरूकडे ती पॉवर कधीतरी दाखवली गेली असेल, त्या प्रत्येकाला रद्दलेखाची प्रत जोडून वेगळं पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस जरूर द्या, पण ती या पत्रांची जागा घेत नाही. शाखाधिकाऱ्याने त्या दिवशीचा पेपर वाचला होता, हे तुम्ही कसं सिद्ध करणार?

पॉवर नोंदणीकृत असेल तर रद्दलेखही नोंदवा, शक्यतो त्याच कार्यालयात, आणि त्यात जुन्या दस्ताचा क्रमांक व तारीख न चुकता घाला.

पत्रात लिहिलेल्या ‘अपरिवर्तनीय’ (रद्द न करता येणारं) या शब्दाला दोन्ही बाजूंनी लोक फसतात. नुसता शब्द छापल्याने पॉवर कायमची होत नाही. मात्र मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल, उदाहरणार्थ तुमच्याकडचं येणं तीच मिळकत विकून वसूल करायचा अधिकार तुम्ही त्याला दिला असेल, तर कलम 202 आड येतं आणि एकतर्फी रद्द करता येत नाही. बिल्डरला विकसन करारासोबत दिलेली पॉवर म्हणूनच आधी वकिलाला दाखवा. उलट, "पॉवरवरच जागा विकत घेतली" असं म्हणणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलंय की नुसत्या मुखत्यारपत्राने स्थावर मिळकतीची मालकी जात नाही.

रद्दलेख मागच्या तारखेपासून लागू होईल, ही आशाही सोडा. मुखत्याराने अधिकारात राहून आधीच साठेखत (मिळकत विकण्याचा करार) केलं असेल, तर त्यातून आलेली जबाबदारी कलम 204 प्रमाणे तुमच्यावर राहते. त्यामुळे नोटिशीतच आतापर्यंतच्या व्यवहारांचा हिशेब मागा.

परदेशात असाल तर रद्दलेखावर भारतीय वकिलातीत सही करा. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. पण मुखत्याराला ईमेलने कळवायला त्या कागदाची वाट बघू नका, ते आजच करा.