बटण, बटण, बटण: डेस्कटॉप सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरवर नीट चालेल असं कसं करावं

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, चालू करा, मॉनिटर बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि तुम्हीच लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एक फाइल उघडून, दोन ओळी बदलून सेव्ह करून दाखवा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा टूलबारवरच अडकले. कानात नुसतं ‘बटण… बटण… बटण’. त्यातलं एक डिलीटचं होतं. कुठलं, ते मलाच सांगता येईना.

स्क्रीन रीडर पडद्यावरचं चित्र बघत बसत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिममार्फत तुमच्या प्रोग्रॅमला विचारत राहतो: फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता ज्या गोष्टीवर चालेल ती जागा, कुठे आहे? त्या गोष्टीचं नाव काय? ती बटण आहे, चेकबॉक्स आहे की यादी? खूण केलेली आहे का, स्लायडर कितीवर आहे? विंडोजवर ही विचारपूस मुख्यतः यूआय ऑटोमेशन या सोयीतून होते, लिनक्सवर एटी-एसपीआयमधून. उत्तर आलं नाही, तर अंध माणसापुरती ती गोष्ट पडद्यावर नाहीच.

पहिली पायरी कीबोर्डची. टॅब, शिफ्ट-टॅब, बाणांच्या कळा, स्पेस, एंटर, एस्केप. एवढ्यावर सगळं सॉफ्टवेअर फिरून या आणि जिथे अडलात ते कागदावर लिहा. टॅबचा क्रम बहुतेक वेळा बिघडलेला सापडतो, कारण कंट्रोल (बटणं, चौकटी, याद्या असे पडद्यावरचे भाग) कोडमध्ये ज्या क्रमाने आले तोच टॅबचा क्रम होऊन बसतो. स्वतःचे शॉर्टकट ठरवताना इन्सर्ट आणि कॅप्सलॉकच्या जोड्या सोडून द्या. स्क्रीन रीडरच्या आज्ञा त्यांवर चालतात.

दुसरी पायरी, ऐकणं. विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्या. तो मोफत आणि ओपन सोर्स आहे. मायकल करन या स्वतः अंध असलेल्या प्रोग्रॅमरने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. त्याच्या टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर आहे. तो चालू केला की बोललेलं प्रत्येक वाक्य एका खिडकीत लिहून येतं, त्यामुळे कान सरावलेले नसले तरी काम भागतं. एनव्हीडीए बंद करायला इन्सर्ट आणि क्यू. (हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर गोंधळून माणूस संगणकच बंद करतो.) मॅकवर व्हॉइसओव्हर असतोच, लिनक्सवर ऑर्का.

आता नावं. चित्राच्या बटणाला मजकूर नसतो, म्हणून नाव वेगळं द्यावं लागतं. ते कसं, हे तुमच्या टूलकिटवर (खिडक्या, बटणं बनवायच्या तयार संचावर) ठरतं: विनफॉर्म्समध्ये ॲक्सेसिबल-नेम, डब्ल्यूपीएफमध्ये ऑटोमेशन-प्रॉपर्टीजमधलं नेम, क्यूटीमध्ये सेट-ॲक्सेसिबल-नेम. एका बटणाला एक ओळ. नावात ‘बटण’ हा शब्द घालू नका. प्रकार स्क्रीन रीडर आपणहून सांगतो, मग ‘सेव्ह बटण बटण’ असं ऐकू येतं. मजकुराच्या चौकटीचंही तेच. शेजारी ‘आडनाव’ लिहिलंय हे डोळ्याला कळतं, प्रोग्रॅमला जोडून द्यावं लागतं. क्यूटीत त्यासाठी बडी आहे, जावा स्विंगमध्ये सेट-लेबल-फॉर. विनफॉर्म्समध्ये लेबलचा टॅब क्रमांक चौकटीच्या लगेच आधीचा ठेवला की बहुधा काम होतं.

खरं दुखणं आहे हाताने रंगवलेल्या कंट्रोलचं. कोऱ्या कॅनव्हासवर रेघा मारून कोणीतरी देखणा तक्ता काढलेला असतो. स्क्रीन रीडरला तिथे एक रिकामा चौकोन मिळतो: ना ओळी, ना रकाने, ना निवडलेली नोंद. माझं मत विचाराल तर तो तक्ता काढून टाका आणि टूलकिटमधला तयार तक्ता वापरा, थोडा कमी सुंदर दिसला तरी चालेल. तयार कंट्रोल बहुतेक उत्तरं स्वतःच देतात. अगदीच सोडवत नसेल, तर डब्ल्यूपीएफमध्ये ऑटोमेशन-पीअर किंवा क्यूटीत क्यू-ॲक्सेसिबल-इंटरफेस लिहून प्रत्येक ओळीचं नाव, प्रकार आणि स्थिती कळवावी लागेल. ते काम किचकट आहे आणि कंट्रोल बदलला की पुन्हा करावं लागतं.

मग फोकस. यादीतली तिसरी फाइल डिलीट केली, ओळ गेली आणि तिच्याबरोबर फोकसही गेला. एनव्हीडीए गप्प. वापरणाऱ्याला कळत नाही की फाइल गेली, प्रोग्रॅम गोठला की आपण भलत्याच खिडकीत आलो. अशा वेळी फोकस पुढच्या ओळीवर ठेवा, गेलेली ओळच शेवटची असेल तर मागच्या. डायलॉग बंद झाला की तो ज्या बटणावरून उघडला तिथे फोकस परत न्या.

फोकस न हलता काही घडलं तर ते बोलून दाखवावं लागतं. कोपऱ्यातल्या स्टेटस बारवरचं ‘सेव्ह झालं’ आपोआप कोणी वाचत नाही. त्यासाठी डब्ल्यूपीएफमध्ये लाइव्ह-सेटिंग आहे. ती लावलेला भाग म्हणजे लाइव्ह रीजन. मजकूर बदलल्यावर लाइव्ह रीजन बदलल्याचा इव्हेंटही पाठवा, नुसती सेटिंग पुरत नाही. पण हात आखडता ठेवा. दर सेकंदाला टक्केवारी बोलणारा प्रोग्रॅम कोणालाही नको असतो.

ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स हे मोफत साधन नाव नसलेली बटणं पटापट दाखवतं. ‘बटण१७’ हे नाव मात्र त्याला चालतं.

म्हणून शेवटी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला बसवा, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. एक काम सांगा आणि गप्प राहा. ‘वर उजवीकडे निळं बटण आहे’ असं तर मुळीच म्हणू नका. तो अडला की स्पीच व्ह्यूअरमधली शेवटची ओळ उतरवून घ्या आणि बगच्या नोंदीत ती जशीच्या तशी टाका, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला नेमकी जागा सापडेल.