जेलमध्ये शिकवायला जायचंय? आधी शार्पनर मोजा

गेटवर त्यांनी तीनदा विचारलं, मॅडम शार्पनर सहा नेलेले का पाच, आणि मी तिन्ही वेळा म्हटलं "बहुतेक सहा". जेलच्या गेटवर बहुतेक हा शब्द चालत नाही. तर आता कोणी तयारीचं विचारलं की मी हे सगळं सांगते, त्यात एकच गोष्ट परत परत येणारे, कंटाळा आला तरी ऐका.

आधी परवानगी. एकट्याने अर्ज घेऊन जाऊ नका, नुसते हेलपाटे होतात. आत आधीपासून काम करणारी एखादी संस्था शोधा आणि तिच्याबरोबर जा. नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) विचारा, त्यांचं ऑफिस शक्यतो कोर्टाच्या आवारातच असतं. ते विधी स्वयंसेवक घेतात, सगळे पीएलव्हीच (पॅरा लीगल व्हॉलंटिअर) म्हणतात, त्यासाठी वकील असावं लागत नाही, ट्रेनिंग तेच देतात. अर्ज जेलच्या अधीक्षकांच्या नावाने, त्यात विषय, वार, वेळ आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव. कधीकधी कागद पुण्याच्या कारागृह मुख्यालयापर्यंत फिरून येतो, म्हणून पुढच्या आठवड्यात सुरू करू असं मनात असेल तर सोडून द्या. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आधीच काढून ठेवा. आधार, फोटो, झेरॉक्स, हे काय सांगायचं. आणि ऐनवेळी "हिला पण घेऊन आले" करू नका, यादीत नाव नाही तर ती बाहेर रिक्षात बसते.

आता सामान. आत नेताय ती प्रत्येक वस्तू लिहून काढा, आकड्यासकट, दोन प्रती, एक गेटवर द्यायची, एकीवर त्यांची सही घेऊन आपल्याजवळ ठेवायची. "चित्रकलेचं साहित्य" असं मोघम लिहू नका. पेन्सिली ३०, खोडरबर १०, कागद ५०, असं. मी लिहिलं नव्हतं. अर्जात फक्त साहित्य म्हटलं होतं आणि घाईघाईत पिशवी भरली होती. महिला विभागात वर्ग मस्त झाला, निघताना पिशवीत शार्पनर पाच. शार्पनरमध्ये पातं असतं हो! एवढंसं, पण पातंच ते. मग वर्गाला बसलेल्या सगळ्या बायकांची झडती, अंथरूण-पांघरूण उलटंपालटं, एकीची चार वर्षांची पोर रडायला लागली (सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ आत राहू शकतात, हे मलाही तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं). दीड तास गेला. काही सापडलं नाही. रात्री घरी आले तर सहावा शार्पनर डायनिंग टेबलवर, पेन्सिलीच्या खोक्याखाली. तो आत गेलाच नव्हता. फोन करून कबूल केलं, पण वर्ग दोन महिने बंद राहिला आणि पातं लपवल्याचा संशय आला तो त्या बायकांवर, माझ्यावर नाही.

म्हणून मोजा. घरी मोजा, गेटवर त्यांच्यासमोर मोजा, वर्ग संपल्यावर कोणाला उठू द्यायच्या आधी मोजा. शार्पनर नेऊच नका, पेन्सिली घरून टोक करून न्या. सुई, कात्री, कंपास, स्टेपलर, काचेची बाटली, काहीही लागणार असेल तर आधी लेखी विचारा. मोबाईल, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह, तंबाखू, काडेपेटी बाहेरच. पर्सच्या कप्प्यातलं जुनं पेनड्राइव्हसुद्धा, मुद्दाम नेलं नव्हतं हे गेटवर कोणी ऐकत बसत नाही. बंदी असलेली वस्तू आत नेणं १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून गुन्हा आहे, मूळ कलम ४२ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिलीय. म्हणजे शिकवायला गेलात आणि राहायलाच.

कपडे साधे. खाकी नको, पांढरा सदरा-पायजमाही नको, तो पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांचा वेश.

मग जेल कुठलं ते बघा, यावर कोणी विचारच करत नाही. येरवडा, नाशिकरोड, कळंबा ही मध्यवर्ती कारागृहं, तिथे वर्षानुवर्षं शिक्षा भोगणारे पक्के कैदी भेटतात, लांबचा अभ्यासक्रम चालतो. पण जिल्हा कारागृह किंवा तालुक्याचं सबजेल म्हणजे कच्च्या कैद्यांची ये-जा. देशभरातच २०२२ च्या आकडेवारीत ७५ टक्क्यांच्या वर कैदी कच्चे होते, खटला चालू असलेले. मी बारा आठवड्यांचा कोर्स आखून गेले होते, तिसऱ्या आठवड्यात आधीच्या वीसजणींतल्या सहा उरल्या, कोणाला बेल, कोणाची कोर्टात तारीख, कोणाला दुसरीकडे हलवलेलं. अशा ठिकाणी एका बैठकीत संपेल तेवढंच शिकवा. वेळही दुपारच्या बंदीच्या आधीची मागा, एकदा बराकी बंद झाल्या की वर्ग संपला, वाक्य अर्धं राहिलं तरी.

आत गेल्यावर गुन्हा विचारू नका. चिठ्ठी बाहेर आणू नका, नंबर देऊ नका, "बेलचं बघते" तर चुकूनही म्हणू नका, ती बाई पुढचे आठ दिवस त्या एका वाक्यावर काढते. वकिलाचं कोणी विचारलं तर एवढं सांगा की कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२, अर्ज तुरुंगाधिकाऱ्यांमार्फत विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. तेवढंच.

बाकी पाणी पिऊन जा, वेळेवर जा, सुट्टी घेणार असाल तर आधी कळवा. आणि निघताना यादी काढून परत मोजा. मी हल्ली खडूचे तुकडेसुद्धा मोजते, गेटवरचे काका हसतात, हसू देत.